उष्ट्या कपातून नॅनेट कशी निघाली? ‘कॅलिस्टर’वरचा न मिटणारा वाद

नॅनेट कोल कंपनीत नवीन आहे. तिने कॉफी प्यायली, कप टाकून दिला आणि ती कामाला लागली. तिच्या लेखी गोष्ट तिथेच संपली. कंपनीचा तंत्रज्ञानप्रमुख रॉबर्ट डॅली मात्र तो उष्टा कप उचलतो, घरी नेतो, त्यावरच्या लाळेतला डीएनए एका यंत्रात घालतो. थोड्याच वेळात एका अंतराळयानात दुसरी नॅनेट डोळे उघडते. तिला आपलं नाव माहीत आहे, ऑफिस आठवतंय, कालचं कामही आठवतंय. आपण इथे कशा आलो, एवढंच तिला कळत नाही.

‘ब्लॅक मिरर’ मालिकेचा ‘यूएसएस कॅलिस्टर’ हा भाग २९ डिसेंबर २०१७ ला नेटफ्लिक्सवर आला. पुढच्या वर्षी एमी पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट टीव्ही चित्रपट ठरला आणि चार्ली ब्रूकर व विल्यम ब्रिजेस यांना लेखनाचा पुरस्कारही मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा पुढचा भाग आला, ‘इन्टू इन्फिनिटी’. मधली सात वर्षं चाहते भांडत होते. दुसरा भाग आल्यावर भांडण मिटायचं सोडून दुप्पट झालं.

हे भांडण मी बरीच वर्षं ऐकतोय, त्यात अधूनमधून तोंडही घातलंय. माझ्या मते त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकाच पातेल्यात शिजतात. असा क्लोन बनू शकतो का? बनला तर त्याला काही जाणवतं का? आणि जाणवत असलं, तर तो मूळ माणूसच आहे का? एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याला ते तिसऱ्याचं वाटतं, आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत कुणी झोपत नाही. ते प्रश्न इथे सुटे करून बघू. पुढे दोन्ही भागांचे शेवट उघड होणार आहेत, तेव्हा पाहिले नसतील तर आधी पाहून या.

गोष्ट थोडक्यात अशी. डॅलीने ‘इन्फिनिटी’ नावाचा आभासी वास्तवातला ऑनलाइन खेळ लिहिलाय. कंपनी त्याच्यामुळे उभी राहिली, पण ऑफिसात त्याला कुणी विचारत नाही. भागीदार जेम्स वॉल्टन त्याला येता-जाता टोचतो. घरी गेल्यावर डॅली कानशिलावर एक छोटं यंत्र लावतो आणि खेळाच्या आपल्या खासगी आवृत्तीत शिरतो. तिथे तो अंतराळयानाचा कप्तान, आणि ऑफिसातल्या त्याच मंडळींचे चोरलेल्या डीएनएवरून बनवलेले क्लोन त्याच्या हुकमातले खलाशी. सुरुवातीला आपल्याला वाटतं की बिचारा मनातल्या मनात सूड घेतोय, घेऊ दे. नंतर कळतं की त्या खलाशांना सगळं समजतंय. ते कैदी आहेत. नॅनेट ऐकत नाही म्हणून तो तिच्या चेहऱ्यावरचे डोळे, नाक, तोंड पुसून टाकतो. श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि मरायची सोय त्याने ठेवलेली नाही. ती गुडघ्यांवर कोसळून तडफडते आणि तो शांतपणे उभा राहून वाट बघतो.

लाळेत आठवणी असतात का?

नसतात. हा मुद्दा काढणारे चाहते शंभर टक्के बरोबर आहेत.

माणसाच्या डीएनएत साधारण ३०० कोटी अक्षरजोड्या असतात. अक्षरं चारच प्रकारची, म्हणून एका जोडीला संगणकाचे दोन बिट पुरतात. हिशेब केला तर सगळा मजकूर ७५० एमबीच्या आसपास जातो, म्हणजे चांगल्या प्रतीच्या एका सिनेमाच्या फाइलपेक्षाही कमी. आता मेंदू बघा. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांच्यातल्या जोडण्या १०० लाख कोटींच्या घरात जातात. आपल्याला जे आठवतं ते मुख्यतः या जोडण्यांत असतं. कुठली घट्ट झाली, कुठली सैल पडली, कुठली नव्याने तयार झाली, यात. एकेका जोडणीसाठी एकच बिट धरला तरी तो साठा डीएनएच्या मजकुरापेक्षा सोळा हजार पटींहून मोठा होतो. एवढा ऐवज त्या ७५० एमबीत कुठून मावणार?

जागेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण आहेच. डीएनए आपल्याला आई-वडिलांकडून गर्भात मिळतो आणि काही किरकोळ बदल सोडले तर जन्मभर तोच राहतो. आज दुपारी बॉस काय म्हणाला याची नोंद तिथे होत नाही. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळजवळ तंतोतंत जुळतो, पण एकीने केलेला अभ्यास दुसरीला परीक्षेत आठवत नाही.

खऱ्या क्लोनिंगमध्येही हेच दिसतं. २००१ च्या डिसेंबरात टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं. नाव सीसी. जिच्यापासून ते केलं ती रेनबो तिरंगी होती, पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके. सीसीच्या अंगावर नारिंगीचा मागमूस नव्हता. मांजराचे काही रंग एक्स गुणसूत्रावर ठरतात आणि मादीत दोनपैकी कुठलं एक्स गुणसूत्र चालू राहणार हे प्रत्येक पेशीत वेगवेगळं ठरतं. ज्या पेशीतून सीसी घडली, तिने नारिंगीची बाजू बंद करून ठेवली होती. डीएनए तोच असून अंगावरचे ठिपकेसुद्धा जुळले नाहीत, तिथे ऑफिसच्या आठवणी जुळायची बातच सोडा.

यावर एखादा अभ्यासू चाहता २०१३ चा उंदरांवरचा प्रयोग पुढे करतो. एका विशिष्ट वासाची भीती बसवलेल्या नर उंदरांची पिल्लं तो वास कधीही न हुंगता त्याला दचकली, असं त्यात आढळलं होतं. प्रयोग खरा आहे, त्याच्या अर्थावर वादही झालेत. पण तो सगळा शुक्रपेशींतून आलेल्या एका वासाच्या दचक्याबद्दल आहे. कपाच्या कडेला लागलेल्या लाळेतून अख्खं आयुष्य उतरवून काढण्याशी त्याचं नातं फार लांबचं आहे.

मग लेखकांना हे माहीत नव्हतं का? माझा तर्क सांगतो. गोष्टीला चोरी हवी होती, आणि ज्याची चोरी झाली त्याला पत्ताही लागू नये अशी चोरी हवी होती. मेंदूचं स्कॅनिंग म्हटलं की माणसाला यंत्रात झोपवावं लागतं, त्याला विचारावं लागतं. उष्टा कप कुणीही उचलू शकतो. विज्ञान मोडलं, पण गोष्टीचा काटा बरोबर जागी बसला. मला हा सौदा मान्य आहे, माझ्या एका मित्राला नाही. तो म्हणतो, प्रकाशापेक्षा जास्त वेगाने पळणारं यान चालतं कारण ते खेळातलं आहे. यंत्र मात्र गोष्टीतल्या खऱ्या जगात, डॅलीच्या घरात ठेवलंय. त्याच्या म्हणण्यात दम आहे.

कप उचलण्याचा भाग मात्र अजिबात काल्पनिक नाही. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला जाणारा गुन्हेगार पकडला गेला. वंशावळीच्या संकेतस्थळावरून पोलीस संशयितापर्यंत पोचले आणि त्याच्या नकळत मिळवलेल्या नमुन्यांतल्या डीएनएवरून खात्री केली. हा भाग येऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. ज्या देशात ही मालिका जन्मली त्या ब्रिटनमध्ये कायदा वेगळं बोलतो. तिथल्या २००४ च्या ह्युमन टिश्यू कायद्यानुसार संमतीशिवाय डीएनए तपासायच्या इराद्याने कुणाचा असा नमुना जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, काही अपवाद वगळता, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे तिथे डॅली यंत्र सुरू करण्याआधीच, कप खिशात घालतानाच, गुन्हेगार ठरला असता.

आणि मेंदूच उतरवून काढला तर?

विज्ञानाच्या जास्त जवळ जाणारी कल्पना ही आहे, आणि ती कुठवर आली हे बघण्यासारखं आहे. सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटरभर लांबीचा जंत असतो. त्याच्या ३०२ चेतापेशींचा जोडणीनकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या पूर्ण वाढलेल्या मेंदूचा नकाशा पुरा व्हायला २०२४ उजाडलं. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि पाच कोटींवर जोडण्या. २०२५ मध्ये उंदराच्या मेंदूच्या एका घन मिलिमीटरचा, म्हणजे वाळूच्या कणाएवढ्या तुकड्याचा नकाशा आला आणि त्यातच ५० कोटींहून जास्त जोडण्या निघाल्या. असे नकाशे करण्यासाठी मेंदूचे अतिपातळ काप काढून एकेकाचं सूक्ष्मदर्शकाखाली चित्र घ्यावं लागतं. जिवंत माणसाला घरी पाठवून त्याचा मेंदू उतरवून ठेवायची पद्धत आज नाही.

बरं, नकाशा मिळाला म्हणजे मेंदू मिळाला असंही होत नाही. त्या जंताचा नकाशा चाळीस वर्षं हातात आहे, तरी त्याचं सगळं वागणं जसंच्या तसं करून दाखवणारा जंत संगणकात अजून तयार झालेला नाही. रेल्वेचा नकाशा भिंतीवर लावला म्हणून कुठली गाडी किती वाजता सुटते, सिग्नल कुणाच्या हातात आहे, हे कळतं का? कुठली जोडणी किती जोरकस, कुठलं रसायन कधी सुटतं, हे नकाशावर नीट दिसत नाही. हे सगळं कधीतरी जमेलही. पण त्या पलीकडचा प्रश्न सूक्ष्मदर्शकाने सुटणारा नाही.

“ते मी वळलो की नसतात”

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे. हा भाग आम्ही एकत्र पाहिला. त्याआधी अर्धा तास तो एका खेळात गाडी फुटपाथवर चढवून माणसं उडवत होता आणि मधूनमधून हसत होता. पुढे वॉल्टनच्या मुलाची गोष्ट आली. वॉल्टन मुळात दादागिरी करणारा माणूस, त्याचा क्लोनही तसाच. तो दबेना, म्हणून डॅलीने काय केलं? त्याचा लहान मुलगा टॉमी ऑफिसात आला असताना त्याने चोखलेली लॉलीपॉप उचलली, त्यावरून मुलाचा क्लोन केला आणि बापाच्या डोळ्यांदेखत त्याला यानाच्या दारातून अवकाशात ढकलून दिलं. ती लॉलीपॉप डॅलीच्या फ्रिजमध्ये अजून आहे. म्हणजे टॉमीला पुन्हा आणता येतं. पुन्हा ढकलताही येतं.

भाचा म्हणाला, “मामा, बंद कर ना थोडा वेळ.”

मी थांबवलं आणि सहज विचारलं, “अरे, मघाशी तू किती जणांना उडवलंस?”

“ते वेगळे होते.”

“वेगळे कसे? तेही खेळातलेच, हेही खेळातलेच.”

तो जरा घुटमळला आणि म्हणाला, “ते मी वळलो की नसतात.”

या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला, कारण तांत्रिकदृष्ट्याही ते बऱ्याच अंशी खरं आहे. मोठ्या खेळांत खेळाडूच्या आसपासचं तेवढंच जग पूर्ण तपशिलात चालवतात. फुटपाथवरचा माणूस कोपऱ्यावरून दिसेनासा झाला की बहुतेक वेळा तो राहतच नाही, स्मृतीतली जागा मोकळी होते. त्याला घर नसतं, संध्याकाळ नसते.

‘कॅलिस्टर’च्या लेखकांनी नेमकी उलट गोष्ट दाखवलीये. डॅली खेळातून बाहेर पडला की खलाशी सोंग टाकतात. बसून पितात, कंटाळतात, त्याची टिंगल करतात, एकमेकांवर खेकसतात. डॅलीने त्यांच्या शरीरातून लैंगिक अवयव काढून टाकलेत, बाहुल्यांसारखी सपाट जागा ठेवलीये, आणि याचा त्यांना संताप येतो. जे कधी नव्हतंच ते गेलं म्हणून कुणी संतापत नाही. पाहणारा निघून गेल्यावरही कॅमेरा तिथेच थांबतो, आणि लेखकांनी क्लोनांच्या बाजूने दिलेला सगळ्यात मोठा पुरावा माझ्या मते हाच आहे. संवादांत त्यांनी जे काही म्हटलंय ते त्याच्यापुढे फिकं पडतं.

कारण ‘मला दुखतंय’ असं नुसतं म्हणणं हा पुरावा होत नाही. ते वाक्य आज साधा प्रोग्रामही म्हणू शकतो. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये हाच मुद्दा धरून संगणकाला मन असतं या दाव्यावर हल्ला केला होता. त्यांच्या म्हणण्याचं सार असं, की संगणकात वादळाचं कितीही हुबेहूब अनुकरण चालवा, खोलीत कुणी भिजत नाही. मग वेदनेचं अनुकरण चालवल्यावर कुणाला वेदना होतात, हे कशावरून? ‘डॅलीने काही गुन्हा केला नाही, कोड छळला’ म्हणणारे चाहते सर्ल यांचं नाव न घेता हेच म्हणत असतात.

यावरचं उत्तरही तितकंच तगडं आहे. सगळ्याच गोष्टी पावसासारख्या नसतात. गाणं घ्या. तबकडीवर वाजवा, फोनवर वाजवा, कुणी गुणगुणू दे, गाणं ते गाणंच. त्याची ‘नुसती नक्कल’ असं काही नसतं, कारण मुळात तो सुरांचा क्रम आहे, कशावर वाजतोय ही दुय्यम गोष्ट. बेरीजही तशीच. संगणकाने केलेली बेरीज खोटी बेरीज नसते. तेव्हा खरा प्रश्न असा उरतो की मन कशासारखं आहे, पावसासारखं की गाण्यासारखं? ते ओल्या, जिवंत पेशींशी बांधलेलं असेल तर नॅनेटचा क्लोन म्हणजे अप्रतिम बाहुली. ते घडण्याच्या क्रमाशी बांधलेलं असेल, तर त्या यानात खरंच कुणीतरी तडफडतंय. आज याचा निकाल लावेल असा प्रयोग कुणाकडे नाही. गोष्टीने मात्र स्वतःचा निकाल लावलाय. पडद्यावरच्या त्या जगात मन गाण्यासारखं आहे. ते मान्य नसेल तर अख्खा भागच गळून पडतो, म्हणून तेवढ्यापुरतं ते धरून चालणं भाग आहे.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी प्राण्यांविषयी एक मुद्दा मांडला होता, तो इथे लागू पडतो. त्यांच्या मते प्राण्यांशी क्रूरपणा करू नये, कारण त्याने माणूस निबर होतो आणि पुढे माणसांशीही तसाच वागतो. हा युक्तिवाद प्राण्यांवर अन्याय करणारा वाटतो, मला तो पटतही नाही. पण डॅलीला तो नेमका लागतो. क्लोन बाहुल्या निघाल्या तरी, एका बापाला त्याच्या पोराचा मृत्यू दाखवण्यासाठी लॉलीपॉप जपून ठेवणारा माणूस कसा आहे, हे आपल्याला कळलेलंच असतं.

दोन फाटे

आता तिसरा प्रश्न, सगळ्यात गुंत्याचा. क्लोन नॅनेट हीच नॅनेट आहे का?

सुटकेच्या बेतात क्लोन नॅनेटला बाहेरच्या जगातल्या नॅनेटची मदत हवी असते. ती सरळ सांगून मिळत नाही. तेव्हा ती तिच्या खासगी फोटोंची धमकी देते. सांगते तसं केलं नाहीस तर हे सगळ्यांना जातील. धमकी देणारी आणि ऐकणारी दोघी नॅनेट. इथे चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, स्वतःलाच ब्लॅकमेल कसं करणार? फोटो तिचेच की. दुसरा म्हणतो, भीती कुणाला वाटली, थरथर कुणाला सुटली ते बघा.

तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये एक विचारप्रयोग मांडला होता, तो इथे कामी येतो. एक यंत्र तुमची पेशीनपेशी नोंदवून घेतं, मंगळावर तशीच प्रत उभी करतं आणि इथलं शरीर नष्ट करतं. बरेच जण म्हणतील, ठीक, मी मंगळावर पोचलो. आता यंत्रात सुधारणा झाली आणि इथलं शरीर नष्ट करायची गरज उरली नाही. तुम्ही इथेही आहात, तिथेही. तिकडच्याच्या पायात काटा मोडला तर इकडच्याला कळतही नाही. मग मघाशी ‘मी पोचलो’ म्हणालात, ते कोण पोचलं होतं?

मला नदीचे फाटे डोळ्यांसमोर येतात. कॉफीच्या कपापर्यंत नदी एक. तिथून दोन फाटे. बालपण, शाळा, पहिली नोकरी, ते फोटो काढले तो दिवस, हे सगळं दोघींचं सारखंच. कपानंतरचं काहीच सारखं नाही. एकीचा चेहरा पुसला गेला तेव्हा दुसरी तिच्या घरी निवांत होती. म्हणून माझं उत्तर असं: क्लोन ही नॅनेट नाही, पण ती कुणीतरी आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि निम्मं भांडण ते लक्षात न आल्यामुळे होतं. ‘ती खरी नॅनेट नाही’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा ‘म्हणजे ती कुणीच नाही’ असं धरून भडकतो. जुळ्यांपैकी धाकटी थोरलीची प्रत आहे का, असं आपण विचारत नाही. दोघी आहेत, संपलं.

फोटोंचंही मग सुटतं. आठवण दोघींची, पण बदनामी झाली असती ती एकीचीच. तेव्हा ते ब्लॅकमेलच. मी त्या यानात असतो तर तेच केलं असतं, हेही इथे कबूल करून टाकतो.

डॅलीच्या शेवटाबद्दल तुलनेने कमी बोलण्यासारखं आहे, जरी आवाज सगळ्यात मोठा तिथेच होतो. क्लोन खेळाच्या अपडेटमधून उघडलेल्या वाटेने निसटतात. तिथली संरक्षकभिंत, म्हणजे संगणकातली फायरवॉल, आपल्याला कायमचं पुसून टाकेल आणि सुटका होईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मरण्यासाठी धडपडणारे ते लोक चुकून जगतात. भिंत डॅलीची खासगी आवृत्ती तेवढी पुसते, आणि त्याचं मन त्यातच अडकतं. बाहेर खोलीत त्याचं शरीर खुर्चीत पडलेलं, नाताळची सुट्टी, दार ठोठवायला कुणी यायचं नाही. शिक्षा जास्त झाली का? झाली असेल. पण ती कुणी ठोठावलेली नव्हती. पळणाऱ्यांच्या मागे दार आपोआप लागलं, आणि त्या दाराला आतून कडी नसावी ही रचना डॅलीची स्वतःचीच होती.

खरी खाज दुसऱ्या भागाने उठवली. कळतं की ‘इन्फिनिटी’च्या गाभ्यात डॅलीचाच एक क्लोन वर्षानुवर्षं एकटा राबतोय, वॉल्टनने तिथे ठेवलेला. हा डॅली कपाच्या आणि लॉलीपॉपच्या आधीचा. त्याने अजून कुणाला छळलेलं नाही. फाट्यांच्या हिशेबाने तो निर्दोष, उलट स्वतःच कैदी. नॅनेट त्याला भेटते तेव्हा तो लाजरा, मदतीला तयार असा माणूस वाटतो. आणि मग तिचीच एक प्रत आपल्या सोबतीला ठेवून घ्यायचं त्याच्या मनात येतं. ती त्याला मारते. काही चाहत्यांना हे फार आवडलं, पाणी उतार बघून वाहणारच म्हणाले. मला नाही आवडलं. पहिल्या भागाने क्लोन स्वतंत्र माणूस असतो हे इतक्या कष्टाने पटवलं होतं. दुसऱ्याने निदान डॅलीपुरतं ते मागे घेतलं, आणि लाळेत आठवणीच काय, नियतीही असते असं सुचवलं.

कट की कॉपी

शेवटची गाठ खऱ्या नॅनेटची. दुसऱ्या भागात ती वॉल्टनपासून पळताना गाडीखाली येते आणि कोमात जाते. आता क्लोन नॅनेटपुढे वाट उघडते: खेळातून निघून त्या शरीरात जायचं. एक प्रत मागे ठेवून की इथून पुसून? म्हणजे कॉपी की कट?

संगणकात फाइल ‘कट’ करून हलवतो तेव्हा काय होतं ते बघण्यासारखं आहे. त्याच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली, तर फाइल जागची हलतच नाही. अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी बदलते. म्हणून पाच जीबीची फाइलही क्षणात ‘जाते’. पण पेनड्राइव्हवर नेली की संगणक तिकडे नवी प्रत लिहून काढतो आणि ती पुरी झाल्यावर इकडची पुसतो. वेगवेगळ्या डिस्कवर ‘हलवणं’ असं काही नसतंच. आधी नक्कल, मग पुसणं, आणि दोन्ही मिळून पडद्यावर दिसणारा एक शब्द.

खेळाचा सर्व्हर आणि हाडामांसाचा मेंदू या तर दोन डिस्कच. तेव्हा दवाखान्यात जी डोळे उघडते ती, फाट्यांच्या हिशेबाने, तिसरी नॅनेट. कपापर्यंतच्या आठवणी पहिलीच्या, यानातल्या दुसरीच्या. बाकीचे खलाशी तिच्या डोक्यात राहायला आलेत, तिच्या डोळ्यांनी जग बघतात आणि टीव्हीवर काय लावायचं यावरही मत देतात. प्रसंग हलकाफुलका लिहिलाय, पाहताना आम्ही दोघंही हसलो.

नावांची पाटी वर सरकत होती तेव्हा भाच्याने विचारलं, “मामा, मग आधीची नॅनेट?”

“ती कोमात होती ना.”

“म्हणजे होती ना तिथे?” तो म्हणाला. “तिला कुणी विचारलं?”

मी रिमोटने ते दृश्य मागे नेलं. आम्ही ते पुन्हा पाहिलं. कुणी विचारलेलं नव्हतं.